मंगळवारची परिषद गुरुवारीच संपन्न

सिद्धोधन इंगोले यांनी मंगळवारी होणाऱ्या परिषदेचं इतिवृत्त गुरुवारी सकाळी साडेअकराला लिहून संपवलं, चहा सांगितला आणि ते खुर्चीत मागं रेलले. यात नवल काहीच नव्हतं. परभणीच्या विज्ञान-धोरण समन्वय कक्षात इतिवृत्त सभेच्या आधी लिहायची पद्धतच होती. सभेनंतर लिहायचं म्हणजे सभेत बसून ऐकावं लागतं, आणि ऐकण्यासारखं तिथं कोणी बोलत नाही, हे इंगोल्यांना अकरा वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं. मागच्या वर्षीचं इतिवृत्त उघडायचं, तारीख बदलायची, बदली झालेल्या साहेबांच्या जागी नवे साहेब बसवायचे आणि 'सखोल चर्चा झाली' हे वाक्य तीन ठिकाणी आहे ना, तेवढं बघायचं. सभा मग त्या कागदाला सोबत म्हणून होत असे.

परिषदेचं नाव मात्र भारदस्त होतं. 'विज्ञान-तंत्रज्ञान धोरण : तज्ज्ञ आणि धोरणकर्ते यांच्यातील संवाद.' धोरणकर्त्यांना काही कळत नाही असं तज्ज्ञांचं मत होतं, तज्ज्ञांना काही कामधंदा नाही असं धोरणकर्त्यांचं मत होतं, आणि संवाद झाला असता तर दोघांचंही म्हणणं खरं ठरलं असतं. धोरणकर्त्यांच्या बाजूनं येणार होते धोरण मंडळाचे उपाध्यक्ष शिवप्रकाश पटणे. विज्ञानाशी त्यांचा जुना संबंध होता, कारण दहावीला याच विषयानं त्यांना दोन वर्षं थांबवून घेतलं होतं. तज्ज्ञांच्या बाजूनं होते हवामानशास्त्राचे डॉ. वीरुपाक्ष देवणीकर. त्यांनी एक नवा पाऊस शोधून काढला होता.

या पावसाची हकिकत सांगायलाच हवी. ताडकळसच्या पुढं खडकतळी नावाचं गाव आहे. तिथं आपोआप पाऊस मोजणारं सरकारी यंत्र बसवलेलं होतं आणि आसपासच्या सगळ्या गावांचा पाऊस त्याच यंत्रावरून धरला जायचा. मागच्या जुलैत या पट्ट्यात सलग चोवीस दिवस थेंब पडला नाही. सोयाबीन जागेवर करपलं. यंत्र मात्र रोज सकाळी सव्वासातला सहा मिलिमीटर पाऊस दाखवत राहिलं. पीकविमावाल्यांनी तेवढं पाहिलं आणि कळवून टाकलं, की रोज पाऊस पडतोय, खंड आहे कुठं, भरपाई कसली? देवणीकरांनीही तेच पाहिलं, पण ते शास्त्रज्ञ असल्यामुळं तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी या पावसाला 'प्रातःपर्जन्य' असं नाव दिलं, त्यावर निबंध लिहिला आणि तो दोन परदेशांत वाचला. खडकतळीला तेवढे ते गेले नाहीत.

गेले असते तर पहिल्याच सकाळी सगळा उलगडा झाला असता. ते यंत्र गावच्या पाण्याच्या टाकीला खेटून उभं होतं. गावात पाणी सोडणारे सिताराम रोज सहाला मोटार चालू करत. टाकी सातच्या सुमाराला भरे, वरून सांडे, आणि ते पाणी उडून थेट यंत्राच्या नरसाळ्यात जाई. टाकी भरल्याचं कळायला सांडण्याखेरीज दुसरी सोय नव्हती. दोनदा कॉक बसवला, दोनदा तो निकामी झाला. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त यंत्राला आणि देवणीकरांना.

खडकतळीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या संघप्रिया खिल्लारे यांनी यावर तीन अर्ज केले होते. शाळेच्या मैदानात त्यांचं स्वतःचं साधं पर्जन्यमापक होतं, आणि सहा वर्षांचा रोजचा पाऊस त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवला होता. त्यांचं मागणं एवढंच होतं, की यंत्र टाकीजवळून उचलून दोनशे फुटांवर मैदानात बसवा, आणि जून लागायच्या आत बसवा. नाहीतर यंदाही पाऊस टाकीच पाडणार. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आलं होतं, 'यंत्र अचूक आहे.' आता परिषदेला एक स्थानिक महिला विज्ञानकर्मी बोलवावी असं वरून आलेल्या पत्रात होतं, म्हणून त्यांना बोलावणं गेलं होतं. चार मोठ्या माणसांसमोर पाच मिनिटं बोलता येईल, एवढ्या आशेवर बाई वह्या बांधून बसल्या होत्या. इंगोल्यांच्या इतिवृत्तात त्यांच्या वाट्याला शेवटची ओळ आली होती. 'श्रीमती संघप्रिया खिल्लारे यांनी आभार मानले.'

तर इंगोल्यांनी चहा घेतला आणि चौसष्ट निमंत्रितांना कार्यक्रमपत्रिका मेलवर पाठवली. निदान त्यांना तसं वाटलं. त्यांच्या संगणकात दोन फायली होत्या, 'परिषद अंतिम' आणि 'परिषद अंतिम नवीन'. पहिलीत पत्रिका होती की दुसरीत, हे नाव देताना त्यांना पक्कं माहीत होतं.

तीन वाजता कक्षप्रमुख आबासाहेबांनी त्यांना आत बोलावलं. आबासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इंगोले, हे काय पाठवलंत तुम्ही? 'परिषद मंगळवारी उत्साहात संपन्न झाली.' आज वार कोणता?"

"गुरुवार, साहेब."

"कोणता गुरुवार?"

"मंगळवारच्या आधीचा." इंगोल्यांनी वाकून पडद्यावर पाहिलं. "साहेब, चुकून इतिवृत्तच गेलंय."

"आता उपाध्यक्ष मला फाडून खातील. आणि मी काही एकटा जाणार नाही, तुम्हाला घेऊन जाईन."

तेवढ्यात फोन वाजला. उपाध्यक्षच होते. आबासाहेबांनी फोन विंचू धरावा तसा धरून इंगोल्यांच्या हातात दिला.

"इंगोले, तुमचं इतिवृत्त वाचलं," पटणे म्हणाले.

"साहेब, ते चुकून..."

"चुकलंच आहे. माझ्या भाषणाला टाळ्या कुठायत?"

"लिहायच्या राहिल्या, साहेब."

"आणि माझं भाषण साडेचार ओळींचं, त्या देवणीकरांचं नऊ ओळींचं? धोरण कोण ठरवतं, ते की मी? दहा ओळी करा. टाळ्या शेवटी नकोत, मधे घाला. शेवटी काय, कुणालाही पडतात."

फोन बंद झाला. आबासाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. एक तर उपाध्यक्षांनी पहिल्यांदाच कक्षाचा एखादा कागद मुळातून वाचला होता. दुसरं म्हणजे सभा व्हायच्या आधी आपण बोलून मोकळे झालो, यात त्यांना काहीच वावगं वाटलेलं नव्हतं.

पाच मिनिटांत देवणीकरांचा फोन आला. "मिस्टर इंगोले, पान दोन. 'डॉ. देवणीकर यांना उपस्थितांनी प्रश्न विचारले.' कोणी विचारले?"

"तसं कुणी न्हाई, सर. दरसाल लिहितो आमी."

"काढा ते. माझ्या मांडणीत प्रश्नाला जागा नसते. त्याऐवजी घाला, 'मांडलेल्या सर्व मुद्द्यांना एकमताने मान्यता देण्यात आली. कोणीही हरकत घेतली नाही.' लिहिलंत? वाचून दाखवा."

इंगोल्यांनी वाचून दाखवलं. देवणीकरांनी ते दोनदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी समाधानाचा एक उसासा सोडला.

संध्याकाळपर्यंत तीस फोन झाले. एकाला आपण दुसऱ्या रांगेत बसल्याचा राग आला होता. एकाला आपल्या नावामागं 'प्राचार्य' हवं होतं आणि 'माजी' नको होतं. एका गृहस्थांनी आपण परिषदेत कविता म्हटल्याची नोंद घ्यायला लावली. विज्ञानाबद्दल किंवा धोरणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जो तो आपण काय बोललो हे वाचत होता आणि आणखी काय बोललो ते सांगत होता.

सहाला टेबल आवरताना शेवटचा फोन वाजला.

"जय भीम, भाऊसाहेब. खडकतळीहून संघप्रिया खिल्लारे बोलायलेय."

"जय भीम, मॅडम. बोला, किती ओळी वाढवायच्या?"

"ओळी न्हाईत वाढवायच्या. मंगळवार अजून यायचाय. मी आभार मानले, हे तुमाला गुरुवारीच कसं कळलं?"

इंगोले गोंधळले. चौसष्ट माणसांत हा प्रश्न दुसऱ्या कोणालाच पडला नव्हता. "मॅडम, हापिसाची पद्धत हाय ती."

"पद्धत ऱ्हाऊ द्या. मला पाच मिनटं पाह्यजेत. यंत्र टाकीपासून हलवा, एवढंच सांगायचंय. जून लागला की पुन्हा त्येच सुरू. आमच्या सासूबाईंनी मागच्या साली चोवीस दिवस आभाळाकडं बघून काढले, आन कागदावर रोज पाऊस!"

"कळतंय, मॅडम. पण ते देवणीकर सरांच्या आड येतंय. सरांचा पाऊसच जाईल हो."

"पाऊस कुठाय तो? टाकीचं पाणी हाय."

"तुमाला आमाला ठाव हाय ते. पण इतिवृत्तात पाऊस हाय. आता मी काय करू, सांगा."

"काई करू नका," बाई म्हणाल्या. "मी येतेच मंगळवारी."

पुढचे चार दिवस कक्षात दुसरं काम झालं नाही. पटण्यांच्या दहा ओळी झाल्या म्हणून देवणीकरांनी तेरा मागितल्या. देवणीकरांच्या तेरा झाल्याचं पटण्यांना कळलं, तेव्हा त्यांनी सतरा करून घेतल्या. ओळी भरायला मजकूर लागतो, म्हणून देवणीकरांनी खडकतळीला 'राष्ट्रीय प्रातःपर्जन्य संशोधन केंद्र' उभारण्याची सूचना केली. पटण्यांनी ती तत्त्वतः मान्य केली आणि टाळ्या घेतल्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही इंगोल्यांशी बोलत होते, आणि इंगोले एकाचं दुसऱ्याला सांगत होते. राज्याचं विज्ञान धोरण एका वरिष्ठ लिपिकाच्या डाव्या कानातून शिरून उजव्या हातानं टाइप होत होतं. चुकून का होईना, संवाद म्हणतात तो हाच, आणि कक्षाच्या इतिहासात तो पहिल्यांदाच घडत होता.

आबासाहेब तर विलक्षण खूश झाले. "इंगोले, इतकी सखोल चर्चा आपल्याकडे आजवर झाली नव्हती," ते म्हणाले. "पुढल्या वर्षीही चुका."

सोमवारी संध्याकाळी अकरावा मसुदा सर्वांनी मंजूर केला. चौसष्टच्या चौसष्ट जणांनी 'सहमत' असं उत्तर पाठवलं. म्हणजे त्रेसष्ट जणांनी. संघप्रियाबाईंना नवा मसुदा पाठवायचं राहून गेलं होतं. त्यांची ओळ बदललीच नव्हती, त्यांना काय पाठवायचं?

परिषद एका मंगल कार्यालयात ठेवली होती, कारण बाकीची सभागृहं मेळाव्यांत गुंतली होती आणि लग्नाची तिथी नसल्यामुळं मंगल कार्यालय मोकळं होतं. मंगळवारी सकाळी नऊला इंगोले तिथं पोचले. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या. त्या एवढ्या जड होत्या, की त्या हलवण्याऐवजी त्यांवर उपाध्यक्ष आणि देवणीकरांना बसवायचं ठरलं होतं. समोर एकशेवीस खुर्च्या, मागं दोरीनं ताणलेला फलक, आणि आचाऱ्याकडं वरण-भात, वांग्याची भाजी, जिलबी, मठ्ठा.

दहा वाजले. कोणी आलं नाही. साडेदहाला एकाचा फोन आला.

"इंगोले, माझी हजेरी लागलीये ना?"

"लागली, सर."

"माझं मनोगतही आहे ना त्यात?"

"सात ओळी हायत."

"मग झालं की! एकदा हजर राहिल्यावर पुन्हा कशाला हजर राहायचं?"

इंगोल्यांना त्यात चूक सापडेना. पाऊण तासात असे वीसेक फोन झाले, बाकीच्यांनी तोही केला नाही. देवणीकरांनी तर्कशुद्धपणे सांगितलं, की मांडणी मान्य झालेली असताना ती पुन्हा करणं म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं होईल. पटणे मात्र निघाले होते. मंत्र्यांच्या जवळचा माणूस तो, शब्दाला जागणारा. ते देवगाव फाट्यापर्यंत आले, तिथं चहाला थांबले, मोबाइलवर अकरावा मसुदा पुन्हा वाचला, सतरा ओळी बोटानं मोजल्या, आणि समाधानानं गाडी परत फिरवली.

आता उरले आबासाहेब. त्यांना इंगोल्यांनी फोन लावला.

"साहेब, कुणीच आलं न्हाई हो."

"कोणीच? मग मी येऊन काय करू?" आबासाहेब म्हणाले. "मी तर तिथं प्रास्ताविकही करून बसलोय. तुम्ही आटपा आणि या. जेवण मात्र वाया घालवू नका."

इंगोल्यांनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. पहिल्या रांगेत संघप्रियाबाई बसल्या होत्या. ताडकळसच्या बसनं आल्या होत्या, मांडीवर सहा वह्या होत्या आणि घामानं चेहरा डबडबला होता.

"कधी सुरू व्हायचीय?" त्यांनी विचारलं.

"झाली, मॅडम."

"कधी?"

"गुरुवारपासून चालू होती. काल सांजच्याला संपली." एवढं बोलून इंगोले त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तसं वाटण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती.

बाईंनी त्या दोन मखमली खुर्च्यांकडं पाहिलं. "म्हंजे इथं कुणी कुणाचं ऐकायलाच येणार नव्हतं," त्या म्हणाल्या. "आन मी काल रातच्याला आरशासमोर पाच मिनटं मोजून बोलून बघितलं. पावणेपाचात बसवलं मी ते, भाऊसाहेब."

"मॅडम, जेवून जा."

"जेवायला आलेय का मी?"

तेवढ्यात दारातून मंजुषा आत आली. ती एका स्थानिक दैनिकाची वार्ताहर होती, स्कूटीवरून आली होती आणि चांगलीच उशिरा आली होती.

"सॉरी सर, लय उशीर झाला. पूर्णेला रेल्वे गेट लागलं होतं. झाली का परिषद?"

"झाली," इंगोले म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्रेसष्ट माणसांची लेखी कबुली होती त्यांच्याकडं.

"पाहुणे?"

"गेले."

"अरे देवा! आता मी फोटो कशाचा काढू? संपादक म्हणाले, बातमीत एक घोषणा तरी आण, न्हाईतर छापत न्हाई. काईच राह्यलं न्हाई का?"

इंगोले 'नाही' म्हणणार, एवढ्यात संघप्रियाबाई उठल्या. "आभार राह्यलेत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं हायत ते."

त्या स्टेजवर गेल्या. माईक चालूच होता. मंजुषानं मोबाइल उचलून धरला. बाईंनी पदर नीट केला, रिकाम्या मखमली खुर्च्यांकडं बघून नमस्कार केला आणि वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात सुरुवात केली.

"सन्माननीय व्यासपीठ, सर्वांत आधी मी उपाध्यक्ष पटणे साहेबांचे आभार मानते. खडकतळीचं पर्जन्यमापक यंत्र पाण्याच्या टाकीजवळून काढून आठ दिवसांच्या आत शाळेच्या मैदानात बसवण्याची घोषणा साहेबांनी आज केली. आमच्या पंचक्रोशीवर हे मोठे उपकार आहेत."

आचारी मठ्ठ्यात पळी घालायचा थांबला. इंगोले अर्धे उठले. साहेब असं काही बोलले नाहीत, हे ओरडून सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण मग पत्रकार विचारणार, तुम्हाला कसं माहीत? आणि साहेब आलेच नव्हते, हे सांगावं लागणार. इंगोले अर्धे बसले.

"डॉ. देवणीकर सरांचे आभार कोणत्या शब्दांत मानू?" बाई पुढं म्हणाल्या. "एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण सर्वांसमोर म्हणाले, की खडकतळीचा सकाळचा पाऊस हा पाऊसच नाही, ते टाकीचं सांडलेलं पाणी आहे. आपली चूक अशी उघडपणे मान्य करायला फार मोठं मन लागतं." मग त्यांनी एकेक वही उघडली. मागच्या जुलैचे चोवीस दिवस तारखेनिशी वाचून दाखवले, प्रत्येक दिवसापुढं शून्य म्हणाल्या, आणि हे शून्य शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल त्यांनी उपस्थित सर्व तज्ज्ञांचे आभार मानले. भाषण बरोबर पावणेपाच मिनिटांत संपलं. आचाऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

मंजुषा जिलबीकडं वळल्यावर इंगोल्यांनी बाईंना कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, हे काय केलं तुमी? हे इतिवृत्तात न्हाई!"

"काय लिव्हलंय इतिवृत्तात?"

"तुमी आभार मानले, एवढंच."

"मग मानलेच की. कशाबद्दल मानले, ते कुठं लिव्हलंय?" बाईंनी वह्या पिशवीत भरल्या. "त्या सगळ्या मंडळींत इतिवृत्तापरमानं वागलेली मी एकटीच हाय, भाऊसाहेब."

बुधवारी सकाळी बातमी आली, पाचव्या पानावर, चौकटीत. 'खडकतळीचे यंत्र आठ दिवसांत हलणार; उपाध्यक्षांची परिषदेत घोषणा. तो पाऊस नव्हेच : डॉ. देवणीकर.' फोटोत संघप्रियाबाई, माईक आणि मखमली खुर्चीचा एक हात दिसत होता.

पहिला फोन पटण्यांचा. "इंगोले, मी असं कधी बोललो?"

"साहेब," इंगोले चाचरत म्हणाले, "तुमी परिषदेला होता ना?"

"होतो की," पटणे म्हणाले. "सतरा ओळी बोललोय मी."

"मग त्या भरात बोलला असाल, साहेब."

दुसरा फोन देवणीकरांचा होता, आणि तो फोन न लावताही परभणीत ऐकू आला असता. "ही माझ्या आयुष्यभराच्या संशोधनाची बदनामी आहे! कोणी असं काही बोललं असतं, तर मी तिथल्या तिथं कडाडून हरकत घेतली असती!"

"सर, पान दोन," इंगोले म्हणाले. "'कोणीही हरकत घेतली नाही.' तुमीच घालायला लावलं होतं. दोनदा वाचून घेतलं तुमी."

आबासाहेबांनी खुलासा काढायचं ठरवलं. पेन उघडून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. 'सदर घोषणा मा. उपाध्यक्ष महोदयांनी केलेली नाही, कारण महोदय सदर परिषदेस...' इथं पेन थांबलं. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. 'परिषदेत असा कोणताही विषय चर्चेस आला नाही, असे प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या...' पेन पुन्हा थांबलं. प्रत्यक्ष उपस्थित असलेला माणूस शोधायचा, तर लिपिक, आचारी आणि त्या बाई सोडून कोणी नव्हतं. दुपारपर्यंत पाच कागद केराच्या टोपलीत गेले. सहाव्यावर आबासाहेबांनी भेळ खाल्ली.

इकडं पटण्यांना दहा गावांमधून अभिनंदनाचे फोन यायला लागले. ताडकळसच्या बाजारात कोणी त्यांचा फलक लावला. दोन सरपंच हार घेऊन घरी येऊन गेले. पहिल्या हाराला पटणे गडबडले, दुसऱ्याला सावरले, आणि शुक्रवारी एका लग्नात ते पाहुण्यांना सांगताना ऐकू आले, "त्या दिवशी सभागृहात मी उभा राहिलो ना, त्या बाईंच्या वह्या बघून मला राहवेना. म्हटलं, जाऊ द्या तज्ज्ञबिज्ज्ञ, आठ दिवसांत हलवा यंत्र! सगळं सभागृह सुन्न झालं." ऐकणारेही सुन्न झाले. त्यांच्यात परिषदेला हजर असलेले तिघं होते, आणि तिघांनीही मान डोलावली. एकाला तर टाळ्यासुद्धा आठवत होत्या.

देवणीकर सावध माणूस. वारा फिरलेला पाहून त्यांनी 'यंत्रांच्या सदोष जागा आणि भासमान पर्जन्य' या नावाचा नवा निबंध लिहायला घेतला. त्यासाठीही त्यांना खडकतळीला जाण्याची गरज भासली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी सहाला पटण्यांच्या आदेशानं खडकतळीत टेम्पो आला. दोन कामगारांनी यंत्राचे बोल्ट सोडवले, खांब उपटला आणि तो शाळेच्या मैदानात बाईंच्या पर्जन्यमापकाशेजारी नेऊन रोवला. सात वाजता टाकी भरली, सांडली, आणि पाणी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नुसतं जमिनीवर पडलं. मोटार बंद करून सिताराम मैदानात आले आणि नव्या जागी चमकणाऱ्या त्या नरसाळ्याकडं डोळे बारीक करून बघू लागले.

"बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "तीन अर्ज केले तवा कुणी हुं की चूं केलं न्हाई. आन एवढाल्या साहेब लोकांनी सभेत तुमचं ऐकलं तरी कसं?"

"ऐकायला कुणी आलंच न्हाई, सितारामकाका, म्हणून तर हललं," संघप्रियाबाई म्हणाल्या. "आले असते तर चर्चा झाली असती."